रेघ सोडून आत

नव्या प्रशिक्षकांनी फळ्यावरचा निळा लोहचुंबक डाव्या काठावरून उचलला आणि सरळ मधोमध नेऊन चिकटवला, तेव्हा बैठकीच्या खोलीत दोघं-तिघं हसले. निळा लोहचुंबक म्हणजे डाव्या. डाव्या पायाने खेळायचा, डाव्या कडेला खेळायचा, म्हणून डाव्या. वय एकतीस. याच फुटबॉल क्लबकडून अकरा वर्षं तो फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू होता आणि या अकरा वर्षांत त्याने कडेची रेघ सोडून फार लांब जायचा कधी विचारही केला नव्हता.

"आपल्या गोलरक्षकाकडे चेंडू आला," सर म्हणाले, "की तू रेघ सोडायचीस. आत यायचं, इथे, मधल्या माणसाच्या शेजारी. रेघेवर, पुढे, आपला विंगर थांबेल. आता सांगा, तुझ्यावर लक्ष ठेवणारा त्यांचा जो माणूस आहे, त्याने काय करायचं?"

"तो याच्यामागे आत आला तर बाहेर आपला विंगर मोकळा," कर्णधार म्हणाला.

"आणि नाही आला तर?"

"तर मध्ये आपला एक माणूस जास्त."

"बरोबर. म्हणजे त्याची दोन्हीकडून पंचाईत. आणि चेंडू गेला, की डाव्याने धावत आपल्या घरी परत."

"आतापर्यंत उंबऱ्यावर बसायचा बिचारा," बुवा मागून म्हणाला. "आता घरात घेणार म्हणा की त्याला."

बुवा म्हणजे गोलरक्षक. टक्कल आणि उपदेश करायची हौस, दोन्ही भरपूर, म्हणून बुवा. सगळे हसले, डाव्याही हसला. पण खुर्चीखाली त्याचा पाय जो हलायला लागला तो बैठक संपेपर्यंत थांबला नाही.

डाव्याला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं.

सातव्या वर्षी गालगुंड झालं. ताप उतरला, सूज उतरली, पण त्या कानातला आवाज गेला तो गेलाच. आई, थोरली बहीण आणि नंतर बायको, एवढ्यांनाच ते ठाऊक होतं. बायको म्हणायची, "चांगला कान उशीत घालून झोपतो, म्हणून तर आमचं भांडण रात्री पुढे चालतच नाही." घरात त्याचा विनोद झाला होता. घराबाहेर मात्र त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. क्लबच्या अर्जावर एक प्रश्न होता, ऐकण्यात किंवा दिसण्यात काही दोष आहे का. त्याने लिहिलं, नाही. त्यानंतर दर वर्षी डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, छातीला तारा लावून पळवलं, कानांबद्दल कुणी विचारलं नाही.

आणि रेघेवर निभावतही होतं. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही, हे दोन कानवाल्यांना सांगून पटत नाही. रेघेवर तो प्रश्नच यायचा नाही. पाठ रेघेला लावली, की एकवीस माणसं समोर आणि उजवा कान बरोबर आपल्या गोलरक्षकाच्या बाजूला. बुवा ओरडला की कळायचं, दुसरीकडून कुणी ओरडणारच नव्हतं. मागे पळायची वेळ आली तर तो आडवा, जवळपास उलटा पळायचा, कान मैदानाकडे राहावा म्हणून. आधीचे दोन प्रशिक्षक त्याला त्याची शैली म्हणत. एकाने तर लहान गटाच्या मुलांना ती शिकवायचा प्रयत्न केला होता.

सरावाच्या पहिल्याच दिवशी आतल्या जागेत त्याला बाजारात हरवलेल्या पोरासारखं वाटलं. मध्ये उभं राहिलं की चहूबाजूंनी हाका. "मागे!" "वेळ आहे!" "वळ!" सगळ्या हाका त्याला उजवीकडूनच आल्यासारख्या वाटायच्या. तो उजवीकडे वळायचा आणि डावीकडून कुणीतरी चेंडू घेऊन जायचं. त्यातून सरांचा आग्रह, की पास घेताना अंग उघडं ठेवायचं, तोंड कडेच्या विंगरकडे करून उभं राहायचं. म्हणजे वळायला सोपं. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण तोंड विंगरकडे केलं की मेलेला कान बुवाकडे व्हायचा.

"विचार फार करतोयस," सर म्हणाले. "आत मजा आहे. दोन आठवड्यांत सवय होईल."

सवय झाली नाही. घरी तो जेवता जेवता उठायचा, खिडकीपाशी जायचा, परत बसायचा. कपाटातले बूट बाहेर काढून ओळीने लावायचा, मग ती ओळ त्याला पटायची नाही. बायको शहर बससेवेत चालक होती. आठ तास स्टिअरिंग धरून आलेली ती सोफ्यावर पडून त्याच्या फेऱ्या बघत राहायची.

"पायाला भिंगरी लागलीय का? खाली तरी बस."

"बसलोय की."

"उभा आहेस."

पहिला सामना कसाबसा सुटला. दुसऱ्यात, चौतिसाव्या मिनिटाला, जे व्हायचं ते झालं. बुवाकडे चेंडू होता. डाव्या आत आला, तोंड विंगरकडे, अंग उघडं, अगदी सांगितल्यासारखं. बुवाने पास सोडला आणि त्याच क्षणी त्यांचा पुढचा खेळाडू डाव्याच्या पाठीमागून सुटला. बुवा घशाच्या शिरा ताणून ओरडला, "माणूस! पाठीवर!" समोरच्या स्टँडमध्ये चार हजार माणसं ओरडत होती आणि ती सगळी डाव्याच्या चांगल्या कानात होती. त्याने निवांतपणे चेंडू अडवला, वळला, आणि पायाखाली चेंडू नव्हता. पाच सेकंदांनी तो बुवाच्या मागच्या जाळीत होता.

सामना एक-शून्यने गेला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओच्या खोलीत सरांनी तो गोल तीनदा दाखवला. चित्रात आवाज नव्हता. कॅमेरा दूर, बुवाचा चेहरा बोटाच्या टोकाएवढा.

"पास वाईट नाही," सर म्हणाले. "पण मागून माणूस येतोय हे दिसत असताना नुसता पास देऊन भागत नाही. सांगायला नको?"

"सांगितलं," बुवा म्हणाला.

"मला बाकावरून ऐकू आलं नाही."

"तुम्ही पन्नास पावलं लांब होता सर. मी ओरडलो. घसा अजून दुखतोय."

सरांनी मान वळवली. "डाव्या, तो ओरडला?"

डाव्याच्या मनात एक वाक्य तयार होतं. ते त्याने उचललंही होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मला नाही ऐकू आलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बुवाने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि हातातली पाण्याची बाटली हळूच जमिनीवर ठेवली. पुढच्या सामन्याच्या यादीत गोलरक्षकाच्या जागी दुसरं नाव होतं. बुवा छत्तीस वर्षांचा होता आणि त्या वयाचा गोलरक्षक एकदा बाकावर बसला की बहुतेक तिथेच राहतो, हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात डाव्याला कुठेच थारा मिळेना. सरावाच्या आधी तासभर येऊन तो रिकाम्या मैदानाला चकरा मारायचा. न्हाव्याच्या खुर्चीत इतका चुळबुळत होता, की न्हावी म्हणाला, "साहेब, कान कापला जाईल हं." डाव्या एवढ्या मोठ्याने हसला, की न्हाव्याने कात्री बाजूला ठेवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, करायला काही सुचेना म्हणून, तो बायकोच्या बसमध्ये जाऊन बसला. चालकाच्या मागच्याच आसनावर. बस अर्धी रिकामी होती. एक बाई मांडीवर कुंडी घेऊन बसली होती, दोन शाळकरी मुली एकाच वहीतून काहीतरी उतरवत होत्या. तिसऱ्या थांब्यानंतर त्याच्या लक्षात आलं, की बायकोचे डोळे एका जागी राहतच नाहीत. समोर, डावा आरसा, समोर, उजवा, वरचा आतला, परत समोर. रस्ता मोकळा असला तरी तेच.

"कुणी मागे लागलंय का?" त्याने विचारलं.

"आं?"

"सारखी आरशात बघतेयस."

"मग काय कानांनी चालवू बस?" ती म्हणाली. "हॉर्न ऐकून आरसा बघायचा म्हणजे उशीर झालेलाच असतो. मागे काय आहे ते आधीच माहीत पाहिजे. चार-पाच सेकंदांत सगळं बदलतं, मग पुन्हा बघायचं."

दोन थांबे गेले. मग त्याने, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला व्हिडिओच्या खोलीत काय झालं ते सांगितलं. बुवा बाकावर बसल्याचं तिला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

लाल दिव्यापाशी बस थांबली, तेव्हा वरच्या आरशातून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"समज, उद्या माझ्या दारात कुणाचा पाय अडकला. तो ओरडला आणि मला ऐकू आलं नाही. खरंच नाही आलं. म्हणून मी म्हणू का, की तो ओरडलाच नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"सरांनी तसंच ऐकलं ना?" दिवा हिरवा झाला. "आता उतर तू. मघापासून बसमध्ये तूच एक धक्के देतोयस, रस्ता नाही."

तो उतरला. पण सरांकडे गेला नाही. आधी आरशांचं बघू, असं त्याने स्वतःला समजावलं. खेळ सुधारला तर बुवाची जागा आपोआप परत मिळेल, मग सांगायची गरजच काय. तीन दिवस तो सरावात मान फिरवत राहिला. चेंडू यायच्या आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. मधला माणूस वैतागला. "मागे कुत्रं लागलंय का तुझ्या?" पण चेंडू जाणं कमी झालं. चौथ्या दिवशी त्याने पाठीवरच्या माणसाला हूल देऊन अशी काही गिरकी घेतली, की सरांनी शिट्टी वाजवायचं सोडून टाळी वाजवली.

"बघितलंत?" सर सगळ्यांना म्हणाले. "म्हणजे अडचण याची नव्हतीच. मागून साद नीट आली, की झालं."

मैदानाच्या टोकाला, राखीव खेळाडूंबरोबर, बुवा गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याने मान खाली घातली आणि हातमोज्याची पट्टी सोडून पुन्हा आवळली. डाव्याने हे पाहिलं, कारण आता तो सगळीकडेच पाहत होता.

सराव संपल्यावर तो मळलेल्या बुटांनीच सरांच्या खोलीत गेला. सर फळ्यावरचे लोहचुंबक डब्यात भरत होते.

"सर, बुवा ओरडला होता."

"तुला तर ऐकू आलं नव्हतं."

"मला या कानाने ऐकूच येत नाही. सातव्या वर्षापासून."

सरांनी डबा खाली ठेवला. "किती टक्के?"

"टक्के नाहीत सर. काहीच नाही."

"अर्जावर?"

"नाही लिहिलं."

सरांनी तो गोल पुन्हा लावला आणि पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. डाव्याचं तोंड विंगरकडे, कान बुवाकडे. त्यांनी चित्र तिथेच थांबवलं.

"असं उभं राहा म्हणून मीच घोकून घेतलं तुझ्याकडून," ते म्हणाले. "बंद दार त्याच्याकडे, उघडं स्टँडकडे."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेच म्हणतोय. मला माहीत नव्हतं!" आवाज चढला तेव्हा डाव्याला बरंच वाटलं. "रोज सकाळी तुम्हा सगळ्यांचं वजन मोजतो मी, झोप विचारतो, आणि एक माणूस अर्ध्या कानांनी खेळतोय ते मला माहीत नाही. आणि तू त्याला बाकावर बसू दिलंस. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. मी नाही, तू."

त्याने सांगितलं. ड्रेसिंग रूममध्ये, उभं राहून, चार वाक्यांत. कुणी हसलं नाही. बुवा कोपऱ्यातून उठला, जवळ आला आणि डाव्याच्या डाव्या कानाशी दोनदा चुटकी वाजवली. डाव्याची पापणीही हलली नाही. बुवाने हात खाली घेतला.

"सात वर्षं तुझ्यामागे उभा राहून बोंबलतोय मी," तो म्हणाला. "बाकीच्यांना सांगितलं नाहीस, ठीक. मलाही नाही?"

"भीती वाटली."

"ती मी समजू शकतो. पण त्या दिवशी तू खोटं बोलला असतास तर परवडलं असतं, डाव्या. तू खरं बोललास, आणि त्याच्या आड लपलास."

तो बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, हळू लावलं.

डॉक्टरांनी तपासणी केली आणि खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं. सरांनी शिस्त म्हणून डाव्याला दोन सामने बाहेर ठेवलं. बुवा परत गोलमध्ये आला. आणि डाव्या परतला तेव्हा फळा बदललेला होता. आता उजवा फुलबॅक आत जायचा आणि डाव्याने मधल्या दोन बचावपटूंच्या ओळीत, रेघेजवळ, मागेच थांबायचं. तिघांची ओळ मागे, बाकीचे पुढे. पाठ रेघेला, उजवा कान बुवाकडे. मनातल्या मनात रोज मागितलं होतं तेच मिळालं.

आणि त्याला तिथे चैन पडेना.

मान फिरवायची सवय गेली नव्हती. दर चार सेकंदांनी बघत राहिल्यामुळे त्याला आता मधली जागा दिसायची, उघडायची, मिटायची. उजवा फुलबॅक आत शिरायला उशीर करायचा, तो उशीर डाव्याच्या पोटऱ्यांत दुखायचा. रेघ त्याला आता अंगाला आखूड झालेल्या सदऱ्यासारखी टोचायची. घरी तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

"आता काय?" बायको म्हणाली. "मिळाली ना रेघ परत?"

"तिथून सगळं दिसतं. करता काही येत नाही."

"मग जाऊन सांग सरांना."

"बुवा मला चेंडू देईल का?"

बुवा गोल वाचवत होता, ओरडत होता, सगळ्यांशी बोलत होता. डाव्याशी कामापुरतं. पूर्वीचा एकही उपदेश नाही.

हंगामातल्या शेवटून तिसऱ्या सामन्यात समोरच्या संघाने अभ्यास करून यावं तसं केलं. उजव्या फुलबॅकला आत जाऊच द्यायचं नाही. एक माणूस त्याला गोचिडीसारखा चिकटला. बुवाकडे चेंडू आला, की पुढे जायला वाटच नाही. बुवा लांब मारायचा, चेंडू परत यायचा. एकसष्टाव्या मिनिटालाही तेच, आणि डाव्याचा संघ एका गोलने मागे. बुवाच्या पायाशी चेंडू, समोरून दोघं धावत आलेले.

डाव्याने डाव्या खांद्यावरून पाहिलं, उजव्यावरून पाहिलं, आणि रेघ सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. बारा पावलांत तो मध्ये होता. तोंड विंगरकडे, बंद कान बुवाकडे. त्याने मान वळवून बुवाकडे पाहिलं.

बुवा थबकला. तो थबकला हे सगळ्या मैदानाने पाहिलं, कारण त्याच्यावर धावून येणारे दोघं आता पाच पावलांवर होते. इथे चेंडू गेला तर तो गोलही बुवाच्याच नावावर लागणार होता. मग त्याने डावा हात उचलला, डाव्याच्या पाठीमागे बोट दाखवलं आणि पास सोडला.

बोटाची गरज नव्हती, माणूस येतोय ते डाव्याने आधीच पाहिलं होतं. पण तरीही त्याने ते बोट पाहिलं. त्याने चेंडूला पायाने थांबवलंच नाही. तो तसाच जाऊ दिला, अंग वळवलं, आणि धावून आलेला माणूस रिकाम्या गवतावरून घसरत गेला. समोर तीस पावलं मोकळं मैदान होतं. इतकं मोकळं, की क्षणभर त्याला काय करावं ते कळेना. मग तो पळाला.

गोल झाला नाही. त्याच्या पासवर विंगरने मारलेला चेंडू खांबाला लागला. पण त्यानंतर समोरचा संघ गोंधळला, कुणाच्या मागे जावं ते त्यांना ठरवता येईना, आणि सत्त्याहत्तराव्या मिनिटाला कर्णधाराने डोक्याने बरोबरी साधली. सामना एक-एक.

बाहेर येताना सरांनी डाव्याला बाहीला धरून थांबवलं.

"आत यायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही सर."

"चेंडू गेला असता तर?"

"तर गेला असता."

सर रागावले होते, पण हसू दाबत रागावले होते. "उद्या नऊला या. तू आणि बुवा. हातांच्या खुणा ठरवू. एवढ्या घाईत बोट दाखवून चालायचं नाही."

बुवा पुढे चालला होता. डाव्या धावत त्याच्यापाशी पोचला.

"दिलास," तो म्हणाला.

"दुसरा कुणी मोकळा नव्हता." बुवाने हातमोजे काढून काखेत धरले. काही पावलं दोघं तसेच चालले. "मी तुला माफ केलेलं नाही हे लक्षात ठेव. या वर्षात तरी जमेल असं वाटत नाही."

"बरं."

"आणि दुसरं. पास यायच्या आधी दोनदा बघतोस ना, ते तीनदा बघ. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येच माणूस येतो. छत्तीस वर्षांचा झालो, मी बघितलंय ते. आणि बघताना हनुवटी वर, खाली घालून नाही. खाली घातली की नुसते पाय दिसतात, माणूस कुठे निघालाय ते कळत नाही. शिवाय तू जो..."

ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो बोलत राहिला. डाव्या ऐकत होता आणि चालता चालता त्याचे डोळे मागे, बाजूला, पुन्हा मागे फिरत होते.